दारू न पिताही फॅटी लिव्हर: रिपोर्ट हातात आल्यावर पडणारे प्रश्न

पोटात दुखतं म्हणून, मुतखड्याची शंका म्हणून किंवा सहज वार्षिक तपासणी म्हणून सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये एक ओळ येते: 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. पित्ताशय ठीक, मूत्रपिंडं ठीक, बाकी सगळं ठीक. माणूस अडतो तो या एकाच ओळीशी. कुणी सांगतं, 'हे आजकाल सगळ्यांनाच असतं, सोडून द्या.' कुणी सांगतं, 'लिव्हर गेलं म्हणून समजा.' दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. रुग्ण आणि त्यांच्या घरचे पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे देतो आहे.

फॅटी लिव्हर म्हणजे माझ्या यकृतात नेमकं काय झालंय?

मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं आणि उजव्या बरगड्यांच्या आड बसलेलं असतं. थोडी चरबी निरोगी यकृतातही असते. पण ५ टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये चरबीचे थेंब साठले की त्याला फॅटी लिव्हर म्हणायचं. यकृताचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशीच्या मधोमध एक गोल पांढरी पोकळी दिसते आणि पेशीचं केंद्रक कडेला रेटलेलं असतं, गर्दीच्या डब्यात एखाद्याला खिडकीशी दाबून टाकावं तसं. पोकळी दिसते, कारण तपासणीसाठी तुकडा तयार करताना चरबी विरघळून जाते आणि तिची जागा तेवढी रिकामी उरते.

जगभरात प्रौढ माणसांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा लोकांना हे असतं. म्हणजे तुम्ही एकटे नाही. पण पुष्कळांना असतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. उच्च रक्तदाबही पुष्कळांना असतोच.

मी तेलकट खात नाही, दारूला शिवत नाही. मग चरबी आली कुठून?

या प्रश्नामागे एक समज असतो: खाल्लेलं तेल-तूप थेट यकृतात जाऊन बसतं. तसं होत नाही. कातडीखाली आणि पोटाभोवती जी चरबी असते ती शरीराची साठवण. ती साठवण जागच्या जागी धरून ठेवायचं काम इन्सुलिन करतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं, म्हणजेच इन्सुलिन रेझिस्टन्स आला, की साठवणीतली चरबी रक्तात उतरू लागते आणि रक्ताबरोबर यकृतात पोचते. त्याच वेळी रक्तात इन्सुलिनचं प्रमाण वाढलेलं असतं, आणि ते यकृताला साखरेपासून नवी चरबी बनवायला लावतं. दोन्हीकडून भर.

२००५ साली मोजक्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात याचा हिशेब मांडला गेला. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के रक्तातून आलेली, २६ टक्के यकृतानं स्वतः तयार केलेली, आणि आहारातल्या स्निग्ध पदार्थांतून थेट आलेली फक्त १५ टक्के.

फ्रुक्टोज या साखरेची गोष्ट आणखी वेगळी. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा बराचसा भार मात्र यकृतावरच येतो आणि त्याची चरबी सहज बनते. हंस आणि बदकं लांबच्या स्थलांतरापूर्वी यकृतात चरबी साठवतात. प्राचीन रोमन लोक हंसांना अंजीर खाऊ घालून त्यांची यकृतं फुगवत. अंजिराला लॅटिनमध्ये 'फिकुस', तसं फुगवलेलं यकृत ते 'फिकाटुम'. यकृतासाठीचा इटालियन शब्द 'फेगातो' आणि फ्रेंच 'फ्वा' हे त्यातूनच आले. अंजिरात तेल जवळजवळ नसतं, साखर भरपूर असते. मला वाटतं, यकृतात चरबी कशी होते हे सांगायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

शिवाय काहींमध्ये ही ओढ जन्मजात असते. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकातला एक बदल २००८ मध्ये लक्षात आला. तो असलेल्यांच्या यकृतात चरबीही जास्त साठते आणि आजार पुढेही लवकर सरकतो. टॅमॉक्सिफेन, अमिओडॅरोन, मेथोट्रेक्सेट, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड यांसारख्या औषधांनीही यकृतावर चरबी येऊ शकते. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवाच. मनानं मात्र कुठलंही औषध बंद करू नका.

'नॉन-अल्कोहोलिक' म्हणजे एक थेंबही नाही असं का?

या आजाराचं जुनं नाव 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज' (एनएएफएलडी). त्याच्या व्याख्येत मर्यादा आहे: शुद्ध अल्कोहोल स्त्रियांसाठी दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी आणि पुरुषांसाठी ३० ग्रॅमपेक्षा कमी. ५ टक्के अल्कोहोलच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असतं, त्यावरून अंदाज येईल. पण ही मर्यादा आजाराला नाव देण्यासाठी आहे, पिण्याची मुभा म्हणून नाही. यकृतात आधीच चरबी असताना दारू हा दुसरा घाव होतो, आणि यकृतात वण धरायला लागले असतील तर दारू पूर्णपणे बंद हवी. वण नसतानाही माझा सल्ला तोच राहील.

आणि डॉक्टरांनी 'दारू घेता का?' असं विचारलं तर ते संशय घेत आहेत असं वाटून घेऊ नका. उत्तर खरं द्या. त्यावर पुढची सगळी दिशा ठरते.

आता याचं नाव बदललंय म्हणे?

हो. चरबीबरोबर यकृतात सूजही असेल तर त्याला 'नॅश' म्हणत; हा शब्द १९८० मध्ये आला. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही दारुड्याच्या यकृतासारखी सूज दिसते हे तेव्हा नोंदवलं गेलं. पण आजार काय 'नाही' यावरून त्याचं नाव असावं हे विचित्रच होतं. २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून नवं नाव ठरवलं: 'मॅसल्ड' (एमएएसएलडी), म्हणजे चयापचयाच्या बिघाडातून येणारा यकृताचा चरबीविकार. नॅशचं झालं 'मॅश'. यकृतातल्या चरबीबरोबर वाढलेलं वजन किंवा कंबरेचा घेर, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, जास्त ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी हे निदान होतं. जुन्या रिपोर्टवर एनएएफएलडी आणि नव्यावर एमएएसएलडी दिसलं तर दुसरा आजार झाला असं समजू नका. आजार तोच आहे.

ग्रेड १, ग्रेड २, ग्रेड ३: कुठल्या ग्रेडला घाबरायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त दिशाभूलही इथेच होते.

सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे पडद्यावर यकृत किती उजळ दिसलं त्याचा अंदाज. शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी तुलना करून डॉक्टर ठरवतात. यकृत थोडं उजळ दिसलं तर ग्रेड १. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर ग्रेड २. मागचा श्वासपटलाचा पडदाही नीट दिसेनासा झाला तर ग्रेड ३. हे डोळ्यांनी केलेलं मोजमाप आहे. आज एकानं ग्रेड १ म्हटलं आणि महिन्याभरानं दुसऱ्यानं ग्रेड २ म्हटलं, तर त्यावरून आजार वाढलाच असं ठरत नाही. शिवाय चरबी २० ते ३० टक्क्यांच्या खाली असेल तर सोनोग्राफीत ती निसटूही शकते.

यकृताचं पुढे काय होणार हे चरबीच्या प्रमाणापेक्षा फायब्रोसिसवर ठरतं. जखम भरून आल्यावर कातडीवर जसा वण राहतो, तसे सततच्या सुजेनं यकृतात वण धरतात. त्यालाच फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या पायऱ्या एफ० ते एफ४ अशा लिहितात. एफ० म्हणजे वण नाहीत, एफ४ म्हणजे सिरॉसिस, यकृतभर वण पसरून ते कडक होणं. ग्रेड ३ असलेल्या माणसाच्या यकृतात एकही वण नसू शकतो, आणि ग्रेड १ लिहिलेल्या माणसाचा आजार एफ३ पर्यंत गेलेला असू शकतो. एवढंच नाही, सिरॉसिस पुढे गेला की यकृतातली चरबी कमी कमी होत नाहीशीही होते. तेव्हा सोनोग्राफीत 'चरबी कमी झाली' दिसतं, आणि तो आनंद फसवा असतो.

म्हणून डॉक्टरांकडे गेलात की ग्रेडबद्दल विचारत बसू नका. विचारा: 'माझ्या यकृतात फायब्रोसिस आहे का?'

ते कसं कळतं?

पहिली पायरी घरबसल्या करता येण्यासारखी आहे. तिला फिब-४ म्हणतात. चार गोष्टी लागतात: वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम), आणि प्लेटलेट. नेहमीच्या रक्ततपासणीत या असतातच. वयाला एसजीओटीनं गुणायचं. मग प्लेटलेटचा आकडा हजारात घेऊन त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळानं गुणायचं. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्यानं भागायचं.

समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २,१०,०००. वर ५२ गुणिले ४८, म्हणजे २४९६. खाली २१० गुणिले ८ (६४ चं वर्गमूळ), म्हणजे १६८०. भागाकार आला १.४९.

१.३ च्या खाली उत्तर आलं तर फायब्रोसिस पुढे गेलेला असण्याची शक्यता फारच कमी. २.६७ च्या वर आलं तर यकृततज्ज्ञांना गाठायचं. मधे आलं, जसं या उदाहरणात आलंय, तर पुढची तपासणी हवी. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, कारण वय वाढलं की आकडा आपोआप फुगतो. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही.

दुसरी पायरी फायब्रोस्कॅन. उजवा हात डोक्यामागे घेऊन निजायचं. बरगड्यांच्या मधल्या जागेत एक दांडी टेकवतात आणि तिच्यातून कातडीवर बारीक टिचकी मारल्यासारखे झटके बसतात. दुखत नाही. त्या झटक्याची लहर यकृतातून जितक्या वेगानं जाईल तितकं यकृत कडक. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. ८ च्या खाली असेल तर बहुतेक काळजी नाही, १२ च्या वर असेल तर गंभीरपणे घ्यायचं. त्याच कागदावर कॅप नावाचा दुसरा आकडा असतो, तो चरबीचा. पुष्कळ लोक मोठा आकडा बघून घाबरतात, पण ३०० हा कॅप असतो, कडकपणा नव्हे. तपासणीआधी किमान तीन तास काही खाऊ नका, कारण जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढतं आणि ते आहे त्याहून कडक भासतं.

बायोप्सी, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणं, आता मोजक्यांचीच करावी लागते: निदानात शंका असेल किंवा तपासण्या एकमेकींशी जुळत नसतील तेव्हा.

माझं एसजीपीटी नॉर्मल आहे. मग झालं ना?

नाही. फॅटी लिव्हर असलेल्या पुष्कळ लोकांचं एसजीपीटी नॉर्मल असतं, फायब्रोसिस असतानाही. वण वाढत गेले की ते उलट खालीही येऊ शकतं. एकट्या एसजीपीटीवर विसंबू नका.

कुणी आवर्जून तपासून घ्यावं?

टाइप २ मधुमेह असेल तर नक्कीच. मधुमेहींपैकी निम्म्याहून अधिक लोकांना फॅटी लिव्हर असतं. त्यांचे डोळे, पाय, मूत्रपिंडं दरवर्षी तपासली जातात. तिथेच फिब-४ काढायला कुणाची हरकत नसावी. रक्त तर काढलेलंच असतं. हे अजूनही सर्रास होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. सिरॉसिस झाल्यावर, पोटात पाणी भरल्यावर पहिल्यांदा निदान होणाऱ्या माणसाला दहा वर्षं मधुमेह असतो, आणि त्या दहा वर्षांत ही साधी आकडेमोड कुणीच केलेली नसते.

लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, जास्त ट्रायग्लिसराइड, पीसीओएस, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, किंवा सख्ख्या नात्यात फॅटी लिव्हरमुळे झालेला सिरॉसिस, यांपैकी काही असेल त्यांनीही तपासून घ्यावं.

मी तर बारीक आहे!

बारीक माणसांनाही होतं. फॅटी लिव्हर असलेल्यांत दहातला एखादा, काही ठिकाणी दोघे, लठ्ठ नसतात. वजनाच्या काट्यावर न दिसणारी पोटातली चरबी इथे कारण असते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी ठेवण. आशियाई वंशाच्या लोकांत तर हे कमी वजनातच सुरू होतं. म्हणून त्यांच्यासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ मानतात, आणि कंबरेची पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर. टेप घ्या, मोजा. बारीक माणसाला एक दिलासा आहे: ३ ते ५ टक्के वजन उतरलं तरी त्याला पुरेसा गुण येऊ शकतो.

लक्षणं काय असतात?

बहुतेकांना काहीच नाही. कुणाला थकवा, कुणाला उजव्या बाजूला जडपणा. अपचन आणि गॅस यांचं खापर मात्र उगाच फॅटी लिव्हरवर फुटतं.

ही लक्षणं दिसली तर एक दिवसही थांबू नका: डोळे पिवळे होणं, पोट फुगून पाणी होणं, पायांवर सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, आणि बोलण्या-वागण्यात गोंधळ. रात्री जागं आणि दिवसा झोपेत, अशी झोपेची उलटापालट ही मेंदूवर परिणाम झाल्याची पहिली खूण असू शकते. ती घरच्यांच्याच लक्षात येते.

सगळ्यांचा सिरॉसिस होतो का?

नाही. बहुसंख्य लोकांचा आजार चरबीच्या पायरीवरच राहतो. थोड्यांच्या यकृतात सूज येते, त्यातल्या थोड्यांत वण वाढत जातात. वेग मंद असतो: नुसती चरबी असेल तर फायब्रोसिसची एक पायरी चढायला सरासरी १४ वर्षं, सूज असेल तर सुमारे ७ वर्षं. सरासरी म्हटलं की काही जण त्याहून झपाट्यानं जातात, हेही आलंच. मधुमेह असेल तर विशेष.

सिरॉसिस झाला की यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. क्वचित सिरॉसिस नसतानाही हा कॅन्सर होतो.

पण एक गोष्ट रुग्णांना चकित करते. फॅटी लिव्हर असलेल्या लोकांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण यकृत नसतं, हृदयविकार असतो. यकृतातली चरबी ही शरीरभर चाललेल्या बिघाडाची खूण आहे. म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांच्याकडे लक्ष दिल्याशिवाय नुसत्या यकृताचे उपचार अपुरे राहतात.

किती वजन कमी केलं तर फरक पडेल?

इथे उत्तर अगदी ठोस आहे, आणि माझ्या मते या आजारातली सगळ्यात आशादायक गोष्ट हीच. वजनाच्या ३ ते ५ टक्के उतरले की चरबी कमी होते. ७ ते १० टक्के उतरले की सूज ओसरते. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर वणसुद्धा मागे हटू शकतात. ८० किलोच्या माणसासाठी हे अनुक्रमे अडीच ते चार, साडेपाच ते आठ, आणि आठ किलोंच्या वर.

क्यूबातल्या एका अभ्यासात २९३ रुग्णांनी ५२ आठवडे आहार आणि व्यायाम सांभाळला. आधी आणि नंतर दोन्ही वेळा बायोप्सी केली गेली. १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी ९० टक्के लोकांची सूज गेली आणि ४५ टक्के लोकांचा फायब्रोसिस मागे आला. त्यात कुठलंही औषध नव्हतं. मात्र एवढं वजन उतरवणारे दहातला एकच जण होते. म्हणजे हे अवघड आहे, आणि ते जमलं नाही म्हणून कुणी रुग्णाला झापावं असं मला कधीच वाटत नाही. ८० चे ७७ झाले तरी यकृताला ते कळतं.

घाई करू नका. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. उपासमार करून वजन धाडकन उतरवलं तर यकृतातली सूज वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होतात. स्नायू झडतात ते वेगळंच.

मग खायचं काय?

सगळ्यात आधी पिण्याकडे बघा. कोल्ड्रिंक, पॅकबंद रस, गोड केलेली एनर्जी ड्रिंक्स यांतली साखर चावावी लागत नाही, पोट भरल्याची जाणीव देत नाही आणि घोटाघोटानं यकृतापर्यंत जाते. एकच बदल करायचा असेल तर हा करा. अख्खं फळ आणि त्याचा रस यांत फरक आहे: फळात चोथा असतो, साखर सावकाश येते, आणि चार संत्री एका बैठकीत कुणी खात नाही; रस मात्र चार संत्र्यांचा सहज पिऊन होतो. त्यामुळे फळं बंद करायची गरज नाही. मधुमेह असेल तर प्रमाण विचारून घ्या.

बाकी भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, अक्रोड-बदाम यांसारखा सुकामेवा, ऑलिव्हसारखं असंतृप्त तेल हे वाढवायचं. मैदा, साखर, तळलेलं, लाल मांस आणि प्रक्रिया केलेलं मांस कमी करायचं. भूमध्य समुद्राकाठच्या आहारपद्धतीवर यकृताच्या बाबतीत चांगला अभ्यास झालाय, पण त्यासाठी परदेशी पदार्थ आणायची गरज नाही. गाभा तोच: चोथा जास्त, साखर कमी. कमी कार्बोहायड्रेटचा आहार की कमी चरबीचा, या वादात फार अडकू नका. जो तुम्हाला दोन वर्षं पाळता येईल तो तुमचा आहार.

वजन हलत नसेल तर व्यायामाचा उपयोग काय?

आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. काटा जागचा हलला नाही तरी व्यायामानं यकृतातली चरबी कमी होते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर आणि चरबी खेचून घेतो आणि इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतो. आठवड्याला किमान १५० मिनिटं, जमलं तर जास्त, भरभर चालणं: बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. त्याबरोबर दोनदा ताकदीचे व्यायाम. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून रबरी पट्ट्यांनी केलेला व्यायामही मोजला जातो.

कॉफी चालते का?

चालते. रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो, असं अनेक निरीक्षणांत दिसलंय. साखर घालू नका. कॉफीनं झोप उडत असेल किंवा छातीत धडधडत असेल तर औषध म्हणून ती सुरू करायचं कारण नाही.

यावर गोळी नाहीच का?

अमेरिकेत २०२४ पर्यंत खास या आजारासाठी मंजूर झालेलं एकही औषध नव्हतं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रेस्मेटिरॉम या गोळीला मंजुरी दिली. ती यकृतातल्या थायरॉइड हार्मोनच्या एका ग्राहीवर (रिसेप्टरवर) काम करते. ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनलाही मान्यता मिळाली. ते भूक कमी करतं, वजन उतरवतं. दोन्ही औषधं सूज आणि एफ२-एफ३ पातळीचा फायब्रोसिस असलेल्यांसाठी आहेत. नुसती ग्रेड १ चरबी असेल त्यानं ती मागू नयेत. आणि चमत्काराची अपेक्षाही ठेवू नये: रेस्मेटिरॉमच्या मोठ्या चाचणीत फायब्रोसिस सुधारला तो साधारण चारातल्या एकाचा, आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी (प्लेसिबो) घेतलेल्या गटात सातातल्या एकाचा.

जुन्या औषधांपैकी पायोग्लिटाझोननं सूज कमी होते, पण वजन वाढतं, पायांवर सूज येऊ शकते, हाडं ठिसूळ होतात. मधुमेह नसलेल्या काही रुग्णांना व्हिटॅमिन ई रोज ८०० युनिट देतात; जास्त मात्रेत मेंदूतल्या रक्तस्रावाचा आणि प्रोस्टेट कॅन्सरचा धोका थोडा वाढल्याचं दिसलंय, म्हणून स्वतःच्या मनानं घ्यायची ती गोष्ट नव्हे. मेटफॉर्मिन साखरेसाठी उत्तम आहे, पण यकृताची सूज किंवा वण त्यानं जात नाहीत. उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड पुष्कळ लिहून दिलं जातं. या आजारात त्याचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही.

वजन फारच जास्त असेल तर बेरियाट्रिक (वजन उतरवण्याच्या) शस्त्रक्रियेनंही यकृताची सूज आणि वण कमी होतात.

लिव्हर टॉनिक, काढे, डिटॉक्स?

पैसे आणि यकृत दोन्ही वाचवा. यकृताला बाहेरून 'साफ' करावं लागत नाही. सफाई हे त्याचंच काम. 'नैसर्गिक' लिहिलेलं सगळं निरुपद्रवी नसतं: ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आणि हळदीच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूल यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. जेवणातली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा. यकृत सुधारायला म्हणून घेतलेल्या पुडीनं कावीळ होऊन माणूस दाखल होतो तेव्हा घरच्यांचे चेहरे बघवत नाहीत, कारण ती पुडी त्यांनीच प्रेमानं आणलेली असते. असं काही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. पुडीच घेऊन जा.

कोलेस्टेरॉलच्या गोळीनं लिव्हर खराब होतं ना? बंद करू का?

बंद करू नका. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित आहेत, आणि या रुग्णांना मुख्य धोका हृदयाचाच असल्यामुळे त्यांची गरज जास्तच असते. सिरॉसिस होऊन पोटात पाणी वगैरे झालं असेल तर निर्णय तज्ज्ञ घेतील.

मुलांना होतं का?

होतं, आणि वाढतंय. लठ्ठ मुलांचं एसजीपीटी ९ ते ११ वर्षांच्या वयात एकदा तपासावं असा सल्ला आहे. मुलाला औषध नाही, 'जाडा' म्हणून टोमणे नाहीत, आणि त्याला एकट्याला वेगळं ताटही नाही. घरात गोड पेयं आणायची बंद झाली आणि सगळेच संध्याकाळी चालायला निघाले तर मूल आपसूक येतं. लहान वयात दुसरी कारणंही असू शकतात, उदाहरणार्थ तांबं साठण्याचा विल्सन आजार. ती आधी वगळावी लागतात.

पुन्हा तपासणी कधी?

फिब-४ कमी असेल आणि मधुमेह नसेल तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढा. मधुमेह असेल, किंवा जास्त वजन, रक्तदाब अशा एकाहून अधिक गोष्टी असतील, तर एक-दोन वर्षांनी. सिरॉसिस असेल तर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका. हेपॅटायटिस ए आणि बी यांच्या लसी घेतलेल्या नसतील तर त्याबद्दल विचारा. आधीच दुखावलेल्या यकृताला नवा विषाणू झेपत नाही. दर महिन्याला सोनोग्राफी करून ग्रेड बघत बसण्यानं काही साधत नाही. त्यापेक्षा एक वही ठेवा: तारीख, वजन, कंबरेचा घेर, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, फिब-४. पुढच्या वेळी ती वही आणि सगळे जुने रिपोर्ट बरोबर न्या.